भिंतीपलीकडचं हातभर

बाई गेल्याचं मला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. ‘बड़े दुख के साथ सूचित किया जाता है…’ खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि लगेच पुढचा मेसेज : पार्कमधल्या कारंज्याचं उद्घाटन ठरल्याप्रमाणेच होईल, फक्त ढोल वाजणार नाहीत. कमिटीला ढोल सोडण्याइतकं दुःख झालं होतं.

रूथ साळवे मूळच्या नगरच्या. आम्ही दिल्लीत एकाच मंत्रालयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर फरिदाबादच्या एकाच कॉलनीत येऊन पडलो. त्या मला ‘जोशीबुवा’ म्हणत, मी त्यांना ‘बाई’. त्यांचं घर तळमजल्यावर, मागे लहानसं अंगण आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे पार्क. कमिटीने पार्क सुशोभित केला, म्हणजे माती होती तिथे टाइल्स बसवल्या आणि त्यांचा उतार बाईंच्या घराकडे काढला. तेव्हापासून पावसाचं पाणी भिंतीखालून अंगणात यायचं आणि आठवडा-आठवडा साचून राहायचं. फरशीवर शेवाळ धरायचं.

बाईंनी वाचून उपाय शोधला : फ्रेंच ड्रेन. भिंतीलगत चर खणायचा, त्यात खडी, खडीत भोकांचा पाइप, त्याभोवती कापड, वर पुन्हा खडी. पाणी झिरपून पाइपात शिरतं आणि उताराने निघून जातं. उतार नेमका हवा म्हणून एका रविवारी चर्चमधून आल्या-आल्या त्यांनी मला पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक धरून उभं केलं.

“जोशीबुवा, हात हलतोय.”

“वय झालं, बाई.”

“वय कसलं! सही सोडून हाताने कधी काही केलं नाहीत, म्हणून.”

पार्कखाली पावसाळी पाण्याची खोल नाली आहे. पाइप तिला जोडायला भिंतीपलीकडे टाइल्सखाली हातभर खणावं लागणार होतं आणि ती जागा कॉलनीची. बाई रीतसर अर्ज घेऊन कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. मी सोबत होतो.

“मैडम, फ्रेंच क्यों? इंडियन नाली में क्या ख़राबी है?”

“कुछ नहीं। बस आपकी टाइल्स के नीचे दबी है।”

सेक्रेटरी मनापासून हसले. मग म्हणाले, नेताजी कारंज्याचं उद्घाटन करून जाऊ देत, त्याआधी नवी टाइल कशी फोडणार? नेताजींना वेळ मिळेना. तारीख पुढे, मग आणखी पुढे. याच सेक्रेटरींची बाल्कनी अर्ध्या रस्त्यावर आली आहे. ती कुणाला विचारून आली, देव जाणे.

“बाई, मजूर बोलवा आणि खणा. इथे कोण विचारतंय?” मी चिडून म्हटलं.

“जन्मभर लोकांच्या फायली नियमावर बोट ठेवून परत पाठवल्या. आता माझी आली म्हणून नियम वाकवू होय?”

आपल्या हद्दीतलं काम त्यांनी पुरं केलं. भिंतीखालून पाइप हद्दीच्या कडेपर्यंत नेऊन त्याच्या तोंडावर स्टीलच्या डब्याचं झाकण बांधलं, वर माती लोटली आणि परवानगीची वाट पाहत राहिल्या. पाऊस आला. चर तुडुंब भरला, अंगणात पाणी साचलं, ओसरलं, शेवाळ राहिलं. दोरीवरचे कपडे काढायला धावताना बाई घसरल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, मग छातीत संसर्ग… हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा त्यांनी विचारलं, “परवानगी आली?”

“नाही.”

“स्मरणपत्र पाठवा,” म्हणाल्या.

शोकसभा उद्घाटनानंतर, त्याच कारंज्यापाशी झाली. फोटोला झेंडूचा हार. सेक्रेटरींनी बाईंना ‘जलप्रेमी’ म्हटलं आणि कारंज्याला त्यांचं नाव देण्याची घोषणा केली. टाळ्या वाजल्या. शोकसभेत, टाळ्या! मला या माणसांचा संताप येतो. बाईंचाही येतो. सगळ्या कॉलनीचे नियम त्यांनी एकटीने पाळायचा मक्ता घेतला होता का?

पुढच्या रविवारी, कारंजं उडत असताना, मी मजूर घेऊन गेलो आणि टाइल्स उचलल्या. सेक्रेटरी धावत आले. “जोशीजी, परमिशन?”

“माँगी थी। आपने दी नहीं।”

मजुरांसाठी आणलेला चहा गार व्हायच्या आत काम संपलं. एवढंच होतं ते. झाकण काढल्यावर पाइपातून आधी गाळ आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. बाईंचा उतार तसूभरही चुकला नव्हता.

झाकण मी घरी आणलंय. काल रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी भिंतीवरून डोकावून पाहिलं. अंगणात ओंजळभरही पाणी साचलेलं नव्हतं. दाराला कुलूप.