फिलोमिनाबाईंचा सांत आंतोन

फिलोमिनाबाई पुस्तकं खराब करायच्या. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल, त्यामुळे आमची ओळख भांडणानेच झाली. मुलांच्या टेबलाशी एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती आणि संतचरित्राच्या चित्रमय पुस्तकात तपकिरी खडूने रंगवत होती. कुणीतरी मुंबईहून देणगी म्हणून पाठवलेलं नवंकोरं पुस्तक होतं ते. मी धावत गेले, तोवर संताचे गुलाबी गाल निम्मे तपकिरी झाले होते.

"बाई, हे वाचनालयाचं पुस्तक आहे."

"मग वाचनालयाला लाज नको?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "उन्हातान्हात गावोगाव पायी हिंडला हा माणूस, आणि गाल बघा, बर्फीसारखे. असा कोण आपल्या खाडीवर आला तर पोरं त्याला पर्यटक समजतील."

माणगावच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. खाडीच्या पुलापलीकडे, ख्रिस्ती वस्तीत, आईवडिलांच्या घरी एकट्या राहायच्या. त्या भेटीनंतर दर शनिवारी रिक्षाने आमच्या गावी येऊन वाचनालयात मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. मुलांवर कधी चिडल्या नाहीत. मोठ्यांवर मात्र चिडत, आणि चिडल्या की शाळेची भाषा गळून गावची यायची. "मला राग येतो ते बरं हाय गो," असं त्या म्हणायच्या. "ज्याला कशाचाच राग येत न्हाय, त्याला काय दिसतच न्हाय."

छापील पुस्तकांतले सगळे संत गोड हसतात, हा त्यांचा मोठा राग होता. शेवटी त्यांनी स्वतःच एक पुस्तक करायला घेतलं. संत अँथनीचं, म्हणजे त्यांच्या भाषेत सांत आंतोनचं. त्याचं बोलणं गावातलं कुणी ऐकेना, तेव्हा तो पाण्याकाठी जाऊन माशांना उपदेश करू लागला आणि मासे डोकी वर काढून ऐकत राहिले, ही त्याची जुनी दंतकथा. बाईंच्या चित्रांत आमचीच खाडी होती, आमच्याच होड्या. मासे नीट यावेत म्हणून त्या चांगुणा कोळणीच्या पाटीसमोर तासन्‌तास बसायच्या. पापलेट, रावस, तोंड वासलेला बोंबील, सगळे ओळखू येत. संत सावळा होता, पाय चिखलात, आणि गावाकडे पाठ फिरवतानाच्या पानावर त्याचा चेहरा रागाने लाल.

"संत रागावलेला दाखवायचा?" मी विचारलं.

"चिडल्याशिवाय कोण माशांशी बोलायला जातो का?" त्या म्हणाल्या. "पुस्तकवाले हेच पान गाळतात."

मजकूर त्यांनी सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत हाताने लिहिला. पुस्तकाची ती एकच प्रत. मी ती रीतसर मुलांच्या कपाटात ठेवली आणि महिनाभर ती कपाटात टिकलीच नाही. एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायची. सना नावाच्या मुलीने तर आठवडाभर परत केली नाही, कारण तिला त्यातला रावस उतरवून काढायचा होता.

मग कुण्या एका पालकाने त्यातल्या पानांचे फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, वाचनालयात धर्मांतर चालू आहे. संध्याकाळपर्यंत, ज्यांनी जन्मात वाचनालयाची पायरी चढली नव्हती, तेही वाचनालयाची काळजी करू लागले.

कार्यकारी मंडळाने बाईंना बोलावलं. अध्यक्ष आमच्याच गावचे, नारळी-पोफळीच्या मोठ्या वाडीचे मालक, बोलायला अतिशय मृदू. "बाई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही," ते म्हणाले. "पण लोक म्हणतात, लहान मुलांना आमिष दाखवलं जातं."

"आमिष गळाला लावतात," बाई म्हणाल्या. "माझ्या पुस्तकात गळ कुठं हाय, दाखवा. मासे आपल्या पायांनी... आपल्या परांनी आलेत."

कुणी हसलं नाही. सनाचे आजोबा मागे उभे होते. ते म्हणाले, "माझ्या नातीने ते पुस्तक आठवडाभर उशाशी ठेवलं. तिची नमाज चुकली नाही. तुमचं काय चुकलं?" त्यांना सभासद नसल्यामुळे बसायला सांगण्यात आलं. बसायला खुर्ची नव्हती.

ठराव झाला. पुस्तक काढून टाकायचं, शनिवारचा वर्ग बंद. पुस्तक कचेरीत जमा करा, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, देणार नाही. अध्यक्ष त्याच मृदू आवाजात म्हणाले, "नोकरीचा विचार करा." मी पुस्तक पिशवीत घालून घरी नेलं. मला काढून टाकलं नाही, कारण त्या पगारात दुसरं कुणी आलं नसतं.

बाई तिथून चर्चमध्ये गेल्या. फादर आपल्या बाजूने उभे राहतील अशी त्यांना खात्री होती. फादर म्हणाले, "दिवस बरे नाहीत, बाई. थोडं सबुरीने घ्या." तिथून त्या तडक माझ्याकडे आल्या. "मंडळवाल्यांचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या, "पण हा तर सांत आंतोनच्या पुतळ्याखाली उभा राहून मला गप बस म्हणाला."

पुढच्या शनिवारी त्या नेहमीच्या रिक्षाने आल्या, वाचनालयावरून सरळ पुढे गेल्या आणि किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या मांडवापाशी जाऊन बसल्या. मी पुस्तक घेऊन गेले. एकही मूल आलं नाही. घरोघरी ताकीद मिळाली होती. बाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेव्हा चांगुणा बोंबील टांगता टांगता म्हणाली, "वाचा ना, बाय. आमचे हात कामात हाईत, कान मोकले हाईत."

बाईंनी वाचलं. बायका मधूनच थांबवायच्या. संत गावाकडे पाठ फिरवतो ते पान आलं तेव्हा एकीने विचारलं, "आनी मग त्या गाववाल्यांचं काय झालं?" बाई म्हणाल्या, "काय झालं न्हाय. सुखात राहिले. म्हणून तर राग येतो."

मुलं हळूहळू येऊ लागली. आधी कोळणींची, मग सना, मग घरी न सांगता आलेली दोनचार. असं दोन वर्षं चाललं. मग बाईंच्या हृदयाने दगा दिला. अलिबागच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा त्या नर्सशी भांडत होत्या, भिंतीवरच्या कॅलेंडरातली येशूची आई फार गोरी आहे म्हणून. दोन दिवसांनी त्या गेल्या.

वाचनालयात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, उदबत्ती. सर्वधर्मसमभावावर अध्यक्ष इतके सुंदर बोलले की काही बायकांचे डोळे भरून आले. "बाईंचं पुस्तक हा आपल्या वाचनालयाचा ठेवा आहे," ते म्हणाले. "आपण ते काचेच्या कपाटात जतन करू."

मी उठले. "मुलांच्या कपाटात ठेवणार असाल, त्यांना घरी नेऊ देणार असाल, तर आत्ता आणून देते."

"वातावरण बघून ठरवू," अध्यक्ष म्हणाले.

"मग ते माझ्याकडेच राहील," मी म्हटलं आणि बाहेर पडले. फाटकापर्यंत अध्यक्षांचा माणूस मागे आला. समजावू लागला, की ताई, माणूस गेल्यावर राग धरू नये.

मी त्याला सांगितलं, जायला नको होत्या त्या बाई गेल्या. ज्यांचा मला राग आहे, ते सगळे आत बसलेत.