उत्तर झाकणाऱ्या काकू

"थांब रे, आधी उत्तर झाकू दे!"

असं म्हणत काकू माझ्या टीव्हीपाशी जायच्या. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलेली पुठ्ठ्याची पट्टी पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवायच्या, दोन पावलं मागे सरकून ती सरळ लागली की नाही ते बघायच्या आणि मगच सोफ्यावर मांडी घालून बसायच्या.

पट्टीचं कारण सांगतो. दर सोमवारी संध्याकाळी सहा वाजता केबलवर पोकरचा एक कार्यक्रम लागायचा. आठ-नऊ खेळाडू स्वतःच्या खिशातले पैसे घेऊन बसलेले, टेबलावर नोटांच्या चक्क विटा रचलेल्या. प्रत्येकाला दोन पानं गुपचूप, मधली पाच सगळ्यांची. हातात काही नसताना सगळं असल्याचा आव आणायचा आणि समोरच्याला घाबरवून पानं टाकायला लावायची, ही त्यातली खरी गंमत. खेळाडूंना एकमेकांची पानं दिसत नाहीत. टेबलात बसवलेल्या बारीक कॅमेऱ्यांमुळे आपल्याला मात्र घरबसल्या सगळ्यांची पडद्याच्या तळाशी दिसतात. काकूंना हे मुळीच मंजूर नव्हतं. "पुस्तकामागचं उत्तर पाहून गणित सोडवायला काय अक्कल लागते?"

काकू नागपूरच्या. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दोन हजार सहा साली त्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला आल्या होत्या. मुलाचं अपार्टमेंट माझ्या बरोबर खाली. एके दिवशी त्यांनी दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. पत्रपेटीवरचं माझं मराठी आडनाव वाचून त्या वर आल्या. टीव्हीवर मागच्या भागाचं पुनःप्रक्षेपण चालू होतं. मी चहा टाकायला गेलो. परत आलो तर काकू पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा फेकून राहिला."

"काय?"

"हा निळ्या टोपीवाला. ह्याच्याजवळ काहीच नाही." त्या तळाच्या पानांकडे नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

समोरच्याने पानं टाकली. निळ्या टोपीवाल्याने हसत आपली पानं उघडी केली. खरंच कचरा होता.

"काकू, तुम्ही पोकर खेळता?"

"मी मेंढीकोट खेळते. पण गृहपाठ घरी राहिला म्हणणारी पोरं एकतीस वर्षं पाहिली आहेत."

चहा थंड व्हायच्या आत त्यांना नियम पाठ झाले. तीन राण्या आणि दोन दश्श्या आल्या की इंग्रजीत त्याला फुल हाऊस म्हणतात असं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे भरलं घर!" तेव्हापासून माझ्या दिवाणखान्यात कोणालाही फुल हाऊस लागलं नाही. भरलं घरच लागलं.

अडचण एवढीच होती, की काकूंच्या मुलाला पत्त्यांवर पैसे लावण्याचं भलतंच वावडं. त्याला मी दादा म्हणायचो. एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, माणूस सज्जन, पण घरात केबलसुद्धा घेतली नव्हती. मग काकूंनी खाली जाहीर केलं, "वरच्या पोराला स्वयंपाक येत नाही. दर सोमवारी मी त्याला शिकवणार."

आता शिकवायचं म्हटलं, की पुरावा हवा. त्यामुळे आमचा स्वयंपाक जाहिरातींत व्हायचा. जाहिरात लागली, की दोघं उठून स्वयंपाकघरात धावायचो. "मोहरी टाक! तडतडली? हळद! चल, चल, सुरू झालं!" फोडणी जाहिरातीत, शिजणं डावात. एकदा निळ्या टोपीवाल्याने असा काही डाव टाकला, की झुणक्याचा पार कोळसा झाला. काकूंनी तोही डब्यात भरला आणि खाली नेऊन सांगितलं, "आज त्याने एकट्याने केला." मी काही महिन्यांत पिठलं, पाटोडी आणि गोळाभात शिकलो तो असा, तीन-तीन मिनिटांच्या हप्त्यांत.

दुसऱ्याचं खोटं ओळखणाऱ्या ह्या बाईंना स्वतःला खोटं बोलणं मुळीच जमायचं नाही. "वर जाते, भाजी शिकवायला," एवढं म्हणताना त्यांचे दोन्ही कान लालबुंद व्हायचे. हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून त्या सोमवारी डोक्यावरून पदर घ्यायच्या. सुनेला वाटायचं, थंडी वाजते.

मग सप्टेंबरात माझी नोकरी गेली. प्रोजेक्ट कॅन्सल झालं आणि आमची सगळी टीम घरी. नोकरी गेली म्हणजे व्हिसाही गेला. लवकर दुसरी मिळवा, नाहीतर परतीचं तिकीट काढा. मी कोणालाच सांगितलं नाही. पुण्याला आईबाबांनाही नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचो आणि पब्लिक लायब्ररीत बसून अर्ज पाठवायचो.

अशा तिसऱ्या सोमवारी डाव अगदी रंगात आला होता आणि काकूंनी टीव्ही बंद केला. डावाच्या मधे! तुम्ही त्यांना ओळखत असता, तर घाबरला असतात. मी घाबरलो.

"तू किती दिवसांपासून फेकून राहिला?"

"मी? काय काकू, काहीतरीच."

"ऑफिस कसं आहे विचारलं, की तू आधी हसतो आणि मग बोलतो. खरं बोलणारा आधी बोलतो."

मी पुन्हा आधी हसलो. मग सांगून टाकलं. काकूंनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही "अरेरे" म्हणाल्या नाहीत. मग उठल्या. "चल खाली. माझ्या मुलाशी बोलू."

"पण काकू, दादा विचारेल, तुम्हाला कसं कळलं. मग पोकरचं सगळं..."

"विचारू दे," त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी पदर न घेता जिना उतरल्या.

दादा लॅपटॉप घेऊन बसला होता. काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, कान लाजेने आधीच लाल. "हे बघ, मी ह्याला स्वयंपाक शिकवत नव्हती. म्हणजे शिकवत होती, पण जाहिरातीत. बाकी वेळ आम्ही जुगार पाहत होतो. तुला जे बोलायचं ते मला बोल. पण ह्याची नोकरी गेली आहे, आणि ते तू पाहा."

दादाने लॅपटॉप मिटला. "आई, मला जूनपासून माहीत आहे."

"कसं?"

"दर सोमवारी वरून टाळ्या ऐकू येतात. पिठल्याला कोण टाळ्या वाजवतं?"

सून स्वयंपाकघरातून इतकी हसत आली, की तिला भिंतीला धरावं लागलं. दादाने मात्र हसता हसता माझा रेझ्युमे मागितला. आपल्या ओळखीच्या एका टीमकडे पाठवला, मी इंटरव्ह्यूच्या दोन फेऱ्या दिल्या, आणि वेळेत नोकरी लागली. काकूंनी दादाला एकच अट घातली होती: पोराला विचारायचे ते कठीण प्रश्न विचारा, दया नको.

पहिला पगार झाल्यावर मी सगळ्यांना म्हटलं, लास व्हेगसला जाऊ. दादाने "फक्त कारंजी बघायची" असं बजावून होकार दिला.

व्हेगसला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत उभे होतो. काकूंनी माझं कोपर असं दाबलं, की हातातली ताटली पडता पडता वाचली. पुढे, अंड्यांपाशी, निळ्या टोपीवाला! मी "काकू, नको," म्हणेपर्यंत त्या त्याच्यासमोर पोचल्या होत्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, वर सुनेचं जांभळं जाकीट.

"एक्स्क्यूज मी. व्हेन यू आर ब्लफिंग, यू स्टॉप च्युइंग."

तो हसला. च्युइंगम चघळतच हसला. मग त्याचा जबडा थांबला.

"सी?" काकू म्हणाल्या. "नाऊ आल्सो."

त्याने ताटली खाली ठेवली आणि टेबलावरची साखरेची पुडी उचलली. हात पाठीमागे नेले, एक मूठ पुढे केली. "इट्स इन हिअर." काकूंनी मान हलवली. मूठ रिकामी. पुन्हा. "नथिंग हिअर." काकू म्हणाल्या, "शुगर." पुडी निघाली. पाच वेळा झालं, पाचही वेळा बरोबर. आमच्याभोवती गर्दी जमली, आमलेट करणारा बल्लव कालथा हातात घेऊन पाहत राहिला, आणि आठ वर्षांची नात खुर्चीवर चढून ओरडायला लागली, "दॅट्स माय आजी! दॅट्स माय आजी!" सगळ्यांत जोरात शिट्टी कोणी वाजवली म्हणता? दादाने. जुगाराचं वावडं असलेल्या दादाने!

निळ्या टोपीवाला खाली वाकून म्हणाला, "मॅम, प्लीज डोंट टेल द अदर गाइज."

"आय विल नॉट टेल," काकूंनी वचन दिलं. "बट यू प्रॅक्टिस."

पुढच्या हंगामात तो च्युइंगमशिवाय बसला. हे मी काकूंना फोनवर सांगितलं, कारण तोपर्यंत त्या नागपूरला परतल्या होत्या. "शहाणा पोरगा आहे," त्या म्हणाल्या. पुन्हा मात्र त्या आल्या नाहीत. आधी गुडघे, मग हृदय. दोन हजार आठच्या हिवाळ्यात दादा घाईघाईने एकटाच नागपूरला गेला, आणि चौदा दिवसांनी परत आला तेव्हा त्याने केस काढलेले होते.

मला त्या दिसतात त्या सिएटलच्या विमानतळावर, परत जाताना. एकटीने वाट चुकू नये म्हणून दादाने व्हीलचेअर मागवली होती, आणि ती ढकलायला त्यांच्याच वयाचा एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ आला होता. तपासणीच्या पलीकडे लांबलचक, रिकामा, गुळगुळीत मार्ग होता. आम्ही काचेच्या अलीकडे उभे. काकूंनी मान वळवून त्या गृहस्थाला काहीतरी विचारलं. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, खुर्चीची मूठ घट्ट धरली आणि तो धावत सुटला. काकूंनी दोन्ही हात वर केले. जांभळं जाकीट फुगलं, पदर मागे उडाला, आणि काचेतून आवाज येत नसतानाही आम्हाला सगळ्यांना दिसलं, की त्या मोठमोठ्याने हसत होत्या.