शुक्रवारची नदी

मढवीकाका नदीत नारळ सोडायचे तेव्हा काठावरच्या बाया हात जोडायच्या. काका खेकसायचे, "अगो, पूजा न्हाय, ड्युटी हाय!"

तीस पावलांच्या अंतरावर दोन बांबू रोवलेले असत. सुका नारळ एका बांबूपासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात तरंगत जातो ते घड्याळात बघायचं, पात्राची रुंदी-खोली घ्यायची आणि गुणाकार मांडायचा. वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं, म्हणून शेवटी आकड्याला थोडी कात्री. पाटबंधारे खात्यात काकांनी जन्मभर हेच केलं. आमच्या भिवंडीच्या आळीत तर अशी समजूत होती, की काकांनी नुसता कान दिला तरी नदी आपलं वजन सांगते. ही समजूत मीच पसरवली होती.

कापड विणायचे माझे बावीस लूम आहेत. म्हणजे लोकांना मी बावीस सांगतो, आहेत बारा. शुक्रवारी तालुक्यात दुरुस्तीसाठी वीज बंद, म्हणून लूम बंद, म्हणून मी मोकळा आणि माझी स्कूटरही मोकळी. नदीवर जाणाऱ्या वज्रेश्वरीच्या एस.टी.त काकांना उभं राहवत नसे. तेव्हा नदी मोजायची ती शुक्रवारीच, असं ठरून गेलं. शेतपंप सुरू होतात त्याच्या वर एकदा नारळ सोडायचा, सगळे पंप संपले की खाली पुन्हा एकदा. दोन आकड्यांतली तफावत म्हणजे शेतीनं उचललेलं पाणी.

"पंपवाला कवा खरं सांगनार न्हाय," काका म्हणायचे. "घेतलं किती ते त्याला इचारू नको. उरलं किती ते नदीला इचार."

तीन उन्हाळे नदी सांगत राहिली, की कोणी फारसं काही घेतच नाही. साहेब खूश झाले. त्या आकड्यांवर वरच्या अंगाला आणखी चाळीस पंपांना परवानगी मिळाली. (हे चाळीस मात्र खरेच चाळीस.)

अकलोलीच्या खाली काकांच्या बहिणीचा, जनाआत्याचा, भेंडी-काकडीचा मळा होता. ती दर भेटीत भांडायची. "दादूस, आमच्याकरं नदीच न्हाय. तुझ्यासारखी आठवड्याला एकदा डोकावते नि जाते."

"माझ्या कागदात पानी हाय, जने."

"मग कागद पी!"

पुढच्या वैशाखात आत्याच्या नातीची हळद मंगळवारी आली. मटणासाठी मी लूम बंद ठेवले. जेवण होण्याआधीच आत्यानं काकांना हाताला धरून नदीवर नेलं. काकांनी मांडवातून उचलून आणलेला सुका नारळ पात्रात उरलेल्या डबक्यात सोडला. मी घड्याळ धरलं. नारळ हलेना. नदीच्या वरच्या अंगाकडून माशा घोंघावल्यासारखा आवाज येत होता. ते पंप होते.

"सदा," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज वार कोनचा?"

"मंगळवार."

"नि आपन कवा येतो?"

मी घड्याळ खिशात ठेवलं. विजेवर बारा लूम चालवणारा माणूस मी! शुक्रवारी वीज नसते, तर पंपही बंद असणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. काका मटण न खाता निघाले. मी खाल्लं, पण पहिल्यांदाच दुसरी वाटी मागितली नाही.

काकांनी चूक कबूल करून अर्ज दिला. साहेबांनी जुने आकडे आणि नवा अर्ज शेजारी शेजारी ठेवले. "मढवी, हा आकडा तुमचा, सही तुमची. हाही तुमचाच. मी कुठल्या मढवींवर विश्वास ठेवू? तीन उन्हाळे आठवड्याचे सगळे वार मोजा, मग परवानग्यांचं पुन्हा बघू."

काका तेव्हा निवृत्तीला टेकले होते. तरी मोजत राहिले, एस.टी.त उभं राहून. मी स्कूटर देऊ केली तर म्हणाले, "तुझ्या स्कूटरनीच मला शुक्रवारात कोंडला." दोन उन्हाळे त्यांनी पुरे केले. तिसऱ्यात छातीत पाणी झालं. डॉक्टर त्या पाण्याचा आकडा सांगायला लागले तर काका पुटपुटले, "कवा मोजलंत? वार सांगा."

ते गेले तेव्हा वहीत त्या उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्याचे सहा वार कोरे होते. मी लूम बंद ठेवून रोज एक वार भरत गेलो. मंगळवारी नारळ सोडला आणि घड्याळ धरून बसलो. ऊन डोक्यावर आलं. नारळ सोडला तिथेच होता. जनाआत्या काठावर येऊन उभी राहिली.

"किती निंगलं रे, सदा?"

जन्मभर मी बाराचे बावीस केले. वहीत लिहिलं: मंगळवार, शून्य. खाली माझं पूर्ण नाव घालून सही केली.