पायडल कोण मारतंय

"अगं, पाय थांबवू नकोस!" चिमीचे पप्पा ओरडले, पण मी घाबरून थांबवलेच आणि सायकल कलंडली. पाय टेकवावा तर पाय पुढं, वर, आणि मी आरामखुर्चीत पडल्यासारखी आडवी. पुढच्या सीटवर आमची लेक चिमी, तिचे पाय पायडलला ओढणीनं बांधलेले. ह्यांनी पळत येऊन धरलं म्हणून वाचलो.

चिमीला ताठ बसवत नाही, म्हणून ह्यांनी दोन जुन्या सायकली जोडून ही झोपून चालवायची केलीय. साखळी एकच, मी पाय मारले की तिचेही फिरतात. डॉक्टर म्हणालेत, तिच्या पायात आता जीव यायचा नाही. तरी ते फिरताना बघितले की वाटतं, फिरतायत की गं बाई! मग मी दमून थांबते, अन् तेही थांबतात.

चिमी मात्र हसत होती. "आई, घाबरट! मी बघ किती जोरात मारत होते. आता मला चालता पण येईल ना?"

हे खाली बसून साखळीच बघत राहिले. मी धापा टाकत तिच्या पायाची ओढणी सोडायला लागले. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं तिला?