डोकं तेवढं दिसतं

टी. नगरात गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. मराठी तंजावरची, हेल तमिळ, आणि ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडी येतच नसे. गिऱ्हाइकाचं चुकलं की म्हणत, “बसून पाहा, सार.”

नव्या गाडीला डॅशबोर्डसकट सगळं फिकट चंदनी रंगाचं रेक्झीन हवं, असा माझ्या बायकोचा हट्ट. शुभ वस्तूत काळं तिला चालणार नव्हतं. वाद घालायचा धीर मला नव्हता. त्यांनी मान डोलावली, गाडी भर उन्हात काढली, खांद्यावरचा पांढरा पंचा डॅशबोर्डवर अंथरला आणि म्हणाले, “बसून पाहा, अक्का.” मग गाडीपुढे दहा पावलांवर जाऊन उभे राहिले.

“मी दिसतो?”

समोरच्या काचेत पंचाचंच पांढरं प्रतिबिंब उमटलं होतं. “डोकं तेवढं दिसतं,” ती म्हणाली आणि स्वतःच तो पंचा काढून घडी करू लागली.

“दृष्ट लागू नये म्हणूनही काळंच लावतात,” ते हळूच म्हणाले. तिला ते पटलं; डॅशबोर्ड काळाच ठेवायचं ठरलं. मी सुटलो.

आता ओरगडमच्या रस्त्यावर भर दुपारी गाडीपुढे आडवा येणारा माणूस मला अख्खा दिसतो.