पुस्तकाशी भांडणाऱ्या वहिनी

पुस्तकाशी तोंडानं भांडणारं माणूस मी एकच पाहिलं, आमच्या वहिनी. भाकरी थापताना त्या पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि मधेच हात थांबवून त्याला म्हणायच्या, "असं कसं? मला न्हाई पटत हे." जणू समोर कुणी पाहुणा येऊन बसलाय. पटल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा त्यांचा नेम होता. एखादं पान दोन-दोन दिवस तसंच उघडं असायचं आणि आई त्याला धक्का न लावता भोवतीनं ओटा पुसायची. माझ्या पुस्तकावर याच आईनं दुधाचं पातेलं ठेवलेलं मी पाहिलं आहे.

वहिनी किल्लारीच्या. बारावी कॉमर्स झाल्या झाल्या लग्न होऊन उमरीला आमच्या घरी आल्या. दादाचं खता-बियाण्यांचं दुकान होतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मीही बारावी झाले आणि सीए व्हायचं ठरवलं. त्याची पहिली पायरी म्हणजे फाउंडेशनची परीक्षा. त्यासाठी घरात बैठक बसली. बाबांचं म्हणणं एकच, लातूर. तिथल्या कॉलेजात बीकॉमला नाव घालायचं, जोडीला क्लास लावायचा आणि हॉस्टेलला राहायचं. ठरलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. तेवढ्यात चहाचे कप उचलता उचलता वहिनी म्हणाल्या, "बाबा, तो फारम मी बी भरू का?"

दादा त्यांच्याकडं बघतच राहिला. "अन् क्लासचं कसं?"

"घरीच करते. पुस्तकं मिळतात की. बाकीचं मोबाईलवर बघते."

बाबा म्हणाले, "घरी बसून होत असतंय का ते, बाई?"

"न झालं तर घरीच हाय की मी."

बाबा हसले. आमचे बाबा सहसा हसत नाहीत. बैठक माझ्यासाठी बसली होती आणि बाबांचं हसू मात्र त्या घेऊन गेल्या. लातूर जिल्ह्यातली मुलगी उमरीत बसून अभ्यास करणार आणि उमरीची मुलगी त्यासाठी लातूरला जाणार, याची घरात सगळ्यांना मोठी गंमत वाटली. मला नाही वाटली.

लातूरचा क्लास म्हणजे मोठा हॉल आणि भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो. सर भराभरा शिकवायचे, आम्ही भराभरा उतरवून घ्यायचो. दर रविवारी चाचणी व्हायची आणि तिच्यातल्या नंबराप्रमाणं बाकं मिळायची. मला ते आवडायचं. रस्ता कुणीतरी आखून दिलेला असला की पाय आपोआप पडतात. पटलं का, हे विचारायला तिथं कुणाला सवड नव्हती. मला तर तो प्रश्न पडायचाही नाही.

तो पडायचा वहिनींना. मग त्यांचा फोन यायचा. "ताई, जेवलात का? मेसमधी भाजी बरी असती का?" एवढं झालं की लगेच, "तुमच्या सरांना एक विचारता का? दुकानाच्या टेम्पोचा घसारा धरायचा म्हणतात. पण घसाऱ्यापायी खिशातून तर काही जात न्हाई. मग तो खर्च कसा?"

"नियम आहे तो, वहिनी."

"कुणाचा?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. सरांनी मार्कर खाली ठेवला. "हा प्रश्न तुझा?"

"नाही सर, माझ्या वहिनींचा. त्या घरीच अभ्यास करतात."

सरांनी सुरू असलेला धडा बाजूला ठेवला आणि त्याच प्रश्नावर बोलत राहिले. टेम्पो घेतला त्या दिवशीच पैसा गेला, पण टेम्पो झिजतो वर्षानुवर्षं, म्हणून त्या पैशाचा खर्चही वर्षावर्षाला वाटून दाखवायचा. इतक्या निवांतपणे शिकवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "वहिनींना घेऊन ये एकदा." पुढं दर सोमवारी आल्या आल्या ते माझ्याकडं बघून विचारायचे, "काय, वहिनींचा काही प्रश्न?" पोरं मला 'वहिनीची नणंद' म्हणायला लागली. ज्या क्लासची पायरी त्या कधी चढल्या नाहीत, तिथं त्यांना मान होता. मी आपली त्यांचं टपाल आणून देणारी.

दिवाळीला घरी आले तर मिक्सर बंद पडला होता. आई म्हणाली, "त्याचा घसारा झाला आता पुरा." मी चमकून बघितलं. वहिनी रोज दुपारी ओसरीवर आईजवळ बसून तिला सगळं सांगायच्या. "मला सांगितल्याबिगर तिच्या डोक्यात बसतच न्हाई म्हणती," आई कौतुकानं म्हणाली. मी लातूरहून शिकून आलेलं काही सांगायला गेले, तर आईनं अर्ध्यातच मान हलवली. "हां, हे म्हायती हाय मला." माझ्या आईला माझ्या आधी कुणीतरी शिकवून ठेवलं होतं.

परीक्षा आम्ही दोघींनी नांदेडला दिली. उमरीहून सोबत जायचो, सोबत यायचो. गणिताच्या पेपरला वहिनी बाहेर आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. "एक उत्तर पटनाच ताई. त्याच्यापाशीच बसून राहिले. बाकीचं तसंच ऱ्हायलं."

मी सुट्टीला घरी असताना निकाल लागला. मी पास झाले. वहिनी त्याच पेपरात नापास झाल्या. लातूरच्या चौकात क्लासनं माझा फोटो लावला. फोटोखाली माझं नाव होतं आणि त्याहून मोठ्या अक्षरात क्लासचं. घरी बाबांनी पेढे आणले. आईनं पहिला पेढा माझ्या तोंडात घातला आणि तशीच स्वयंपाकघरात वहिनींजवळ जाऊन बसली. तिचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "त्या पेपरालाच काही कळत न्हाई. तू नको मनाला लावून घेऊ." पास झालेली मी बैठकीत एकटी पेढ्याच्या डब्याजवळ बसले होते आणि नापास झालेल्या बाईचा हेवा करत होते. माझ्या पास होण्यात सर होते, हॉस्टेल होतं, रविवारच्या चाचण्या होत्या. त्यांचं नापास होणं मात्र सगळं त्यांचं स्वतःचं होतं.

थोड्या वेळानं त्या डोळे पुसून बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "ताई, तो पेपर तुमचा वेळेत कसा झाला? मला शिकवा."

"अडलं की सोडायचं, वहिनी. पुढं जायचं."

"अन् पटलं न्हाई तर?"

"तरी सोडायचं."

"हे सोडायचं शिकवतात का तिथं?"

"तेच शिकवतात."

त्या हसायला लागल्या. मलाही हसू आलं. त्या सुट्टीत मी मोबाईलवर वेळ लावून त्यांना पेपर सोडवायला बसवायचे आणि रेंगाळल्या की टाळी वाजवायचे. "लई अवघड हाय हे," त्या म्हणायच्या, "तोंडाजवळचा घास टाकून उठल्यावाणी वाटतंय." पण शिकल्या. पुढच्या खेपेला पास झाल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या, "ताईंनी शिकवलं म्हणून झालं." मला रुसायचीसुद्धा सोय ठेवली नाही.

माझ्याजवळ होतं ते त्यांनी सुट्टीभरात उचललं. त्यांच्याजवळचं मी हॉस्टेलच्या खोलीत दार लावून करून पाहिलं. पुस्तक समोर धरलं आणि म्हटलं, असं कसं? पुढं काही सुचेना. मला सगळंच पटत होतं.

आता मी सुट्टीला घरी आले की उमरीतल्या मुली विचारायला येतात, क्लास लावावा का घरीच करावं. मी लातूरचं नाव सांगते. वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, "क्लास लावा न्हाई तर घरी करा, पण शिकलेलं कुणाला तरी सांगत जावा." मुली माझं ऐकून घेतात आणि वहिनींचं बोलणं घरी जाऊन सांगतात.

यंदा दादानं नांदेडला दुसरं दुकान टाकलं आणि दोघं तिकडं राहायला गेले. पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत वहिनी तिथं एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जातात. सामान टेम्पोत चढवून झालं तेव्हा त्या आईच्या गळ्यात पडून रडल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता आईंना तुम्ही सांगत जावा." मी मान हलवली. रडू आलं होतं, पण आई माझ्यापेक्षा जास्त रडत होती, तेही मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी पुस्तक घेऊन शेजारी बसले आणि भागीदारीचं सांगायला लागले. जुना भागीदार निघून गेला तर धंद्याच्या नावलौकिकातला त्याचा वाटा त्याला द्यावा लागतो, असं म्हटलं. आईचा हात थांबला. "नावलौकिक तर दिसत न्हाई. मग त्याचा वाटा कसा काढतात?"

मी सूत्र सांगितलं. आई म्हणाली, "असं न्हाई. ती सोपं करून सांगायची."

मला ते फार लागलं. मी मोबाईल उचलला. "थांब, वहिनींनाच विचारते."

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. मेथीचा ओला हात. "कशाला? तिला तिचं काम असंल. तू बघ सावकाश. मी बसले हाय."

आणि तिनं मेथीची दुसरी जुडी निवडायला सोडली.