लेकी, सुना आणि चार पॉइंट

आमच्या गावात भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लेकी आणि सुनांची कबड्डी असते. शाळेमागच्या मैदानात चुन्याच्या रेषा मारायच्या आणि कोणी साडी खोचून, कोणी पोराची ट्रॅकपँट घालून उतरायचं. पुरुष कुंपणापलीकडे उभे राहतात. कोणाचा नवरा बहिणीच्या बाजूनं ओरडला, तर घरी गेल्यावर त्याला चहा कसा मिळतो ते मी इथं सांगत नाही.

सुनांची कॅप्टन मी. माझं माहेर पांढुर्ण्याचं, दगडफेकीची जत्रा भरते तिथलं, आणि आवाज मोठा, म्हणून झाले. पंच अंगणवाडीच्या मॅडम. त्या छिंदवाड्याहून आलेल्या, गावच्या ना लेक ना सून, त्यामुळे त्यांनी शिट्टी वाजवली की सगळ्या ऐकतात. म्हणजे भांडून ऐकतात.

खेळ सुरू व्हायच्या आधीच सुनांना चार पॉइंट मिळतात. फुकटचे नाहीत हो! लेकी माहेरी येतात, आई त्यांच्या हातात आयतं ताट देते, उन्हं अंगणात येईपर्यंत झोपतात. आम्ही मात्र दिवाळीचा फराळ करून, पाहुण्यांचं आवरून, मधे कापूस वेचायलाही जाऊन आलेल्या. बोंडांनी बोटं चिरलेली. अशा हातांनी कोणाचा पाय पकडून ठेवायचा म्हणजे काय, ते पकडणारीलाच माहीत. म्हणून चार पॉइंट. दर वर्षी लेकी म्हणतात चार जास्त होतात, आम्ही म्हणतो कमी होतात, आणि मॅडम म्हणतात, "चारच. चला, दम धरा."

दुसरा नियम लेकींसाठी. एका वर्षी त्यांनी सौंसरच्या हॉस्टेलवरून दोन पोरी आणल्या, कोणाच्या तरी आतेबहिणी म्हणून. कॉलेजात कबड्डी खेळणाऱ्या त्या! आमची पार धूळधाण केली. मग आम्ही अडून बसलो आणि ठरवून घेतलं की लेक कोण, तर जी त्या वर्षीच्या दिवाळीला बाहेरगावाहून आली आणि जिच्या पायावर आईनं दारात पाणी घातलं ती. आमच्याकडे लेक आली की उंबऱ्याबाहेर तिच्या पायावर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकतात, मगच ती आत येते. सगळं गाव बघतं. त्यामुळे यात लबाडीला जागा नव्हती. फार चोख नियम, असं आम्हाला वाटलं.

आमची नणंद त्या नियमात कुठंच बसेना.

ती माझ्याहून लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताईच म्हणते. लग्नानंतर ती दर दिवाळीला यायची आणि लेकींकडून खेळायची. चढाईला आली की आमच्या सुना आपोआप मागे सरकायच्या. मग दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, ती लोधीखेड्याकडच्या सासरहून एकटीच आली. हातात एक हिरवी पिशवी. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. त्या दिवसापासून ती इथंच आहे, ब्लाउज शिवते, आमच्यासोबत वेचायला येते. पण ती हिरवी पिशवी तिनं कधी रिकामी केली नाही. खाटेखाली असायची. त्यातूनच लुगडं काढायची, धुवून वाळवून परत त्यातच ठेवायची. कपाटातला एक खण मी तिच्यासाठी मोकळा केला होता, तो तसाच मोकळा राहिला.

दोन दिवाळ्या ती मैदानाकडे फिरकलीच नाही. यंदा भाऊबीजेच्या आदल्या दिवशी करंज्या तळता तळता म्हणाली, "वहिनी, मी खेळू का?"

मला इतका आनंद झाला की करंजी हातातून सुटली आणि तेल उडालं. "खेळू का म्हणजे? खेळाच! अन् मले औट करून दाखवा!"

भाऊबीजेला संध्याकाळी सगळ्या बोरिंगपाशी जमलो, दोन्ही बाजूंचे संघ ठरवायला. लेकींची कॅप्टन पोलीस पाटलाची थोरली, नागपूरला दिलेली. ती वाईट नाही, पण नियमाला घट्ट. मी नणंदेचं नाव लेकींमधे सांगितलं तशी ती म्हणाली, "वहिनी, नियम तुमचाच हाय. ती कुठून आली? ती तं इथंच राहते बारा महिने. तुमच्या संगं रोज वावरात असते. आम्ही उद्या कोनालेही आणलं तं चालन काय तुमाले?"

"मग आमच्याकडून खेळू दे."

आमच्यातलीच एक पुटपुटली, "ती सून कुठं हाय व?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "म्हणजे लेक नाही, सून नाही, मग हाय कोन? पाहुनी?" मॅडम बिचाऱ्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभ्या. त्यांनाही पटत नव्हतं, पण नियम तर स्पष्ट होता.

माझ्यामागे नणंद उभी होती, भरलेली घागर कमरेवर घेऊन. सगळं ऐकलं तिनं. हसून म्हणाली, "जाऊ द्या ना व. मी पॉइंट मोजते. कोनी तरी मोजाले पायजेच."

ते हसणं मला सहन झालं नाही. ती रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी भांडी आपटली. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मी त्यांच्याशी सहसा आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. "आई, तुमची लेक या गावात कोनाचीच नाही म्हन्ते सारे. पायावर पानी पडलं नाही म्हणून लेक नाही!"

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "खरं हाय. नाही पडलं."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पावसात भिजून दारात उभी होती," त्या म्हणाल्या. "पानी आनाच्या जागी मी तिले इचारलं, काहून आली व? दुसरं काही सुचलंच नाही मले. ते ऐकून ती भिताडाशी अंग चोरून आत गेली. अजूनही तशीच चालते घरात. मले दिसते."

सकाळी उठून पाहते तर सासूबाईंनी हिरवी पिशवी खाटेखालून ओढली होती. नणंदेची लुगडी नीट घडी करून भरत होत्या. नणंद दारात आली, ते पाहिलं, आणि उंबऱ्यातच थांबली.

"मले कुठं धाडून राहिली, आई?"

"सौंसरले जा. स्टँडवर उतर, चहा पी. मंग दुपारच्या बसनं ये."

"काय आनू?"

"काही नको आनू. वापस ये म्हणून धाडून राहिली."

नणंदेला कळलं की नाही कोण जाणे. माझ्याकडे बघत होती. मी नुसतं "जा ना व ताई, बस सुटन," म्हणून तिला ढकललं.

दुपारी सौंसरहून रामाकोन्याकडे जाणारी बस आमच्या फाट्यावर येते. घराचा उंबरा सोडून सासूबाई तिथं जाऊन उभ्या राहिल्या, तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन. म्हणाल्या, "दारात कोन पाह्यते? साऱ्याइनं पायलं पायजे." गावात बातमी पसरायला काय लागतं! सुना आल्या, लेकी आल्या, मॅडम आल्या. बस काही येईना. सासूबाई उन्हात तांब्या धरून उभ्या, हात दुखला तरी खाली ठेवेनात. मला भीती वाटायला लागली की ती त्या बसमधे बसलीच नसेल तर? आपल्याला घालवलं असं समजून दुसरीकडेच कुठं गेली असेल तर?

बस आली. आधी एक म्हातारा उतरला, मग संत्र्याची खोकी, मग ती. हातात हिरवी पिशवी.

सासूबाई पुढं झाल्या. तिच्या पायावर पाणी घातलं, तिच्या डोळ्यांना लावलं. तुकडा ओवाळला, लांब फेकला. आणि म्हणाल्या, "आली व माय? ये."

नणंद मटकन खालीच बसली, ओल्या मातीत, आणि आईच्या पायांना मिठी मारून अशी रडली की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा थांबला. मीही रडले. का नाही रडणार?

पोलीस पाटलाची थोरली सगळं बघत होती. तिनं डोळे पुसले, पुढं येऊन नणंदेशेजारी पडलेली पिशवी उचलली आणि मॅडमना म्हणाली, "मॅडम, बाहेरगावून आली, पायावर पानी पडलं. नियमात बसते. पयली चढाई तिची."

मॅडमनी तिथंच शिट्टी फुंकली.

"थांबा थांबा!" मी नाक पुसत ओरडले. "ही तिकडून खेळन तं आमाले सहा पॉइंट पायजेत!"

"चारच!" साऱ्या लेकी एकदम ओरडल्या.

चारच मिळाले. मैदानात नणंदेनं पहिल्या चढाईत सरळ माझ्याकडे झेप घेतली, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि रेषेपलीकडे पळाली. आम्ही हरलो. चार पॉइंट धरूनही हरलो. पुढच्या वर्षी मी सहा घेतल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, हे मॅडमना सांगून ठेवलंय.

संध्याकाळी मी चूल पेटवत होते, तेव्हा आतून कपाटाचं दार वाजलं. नणंद तिची लुगडी त्या मोकळ्या खणात ठेवत होती, एकावर एक. मग हिरवी पिशवी झटकत बाहेर आली.

"वहिनी," ती म्हणाली, "ही घ्या. कांदे ठेवाले होईन."